अर्धी करंजी

आग्रह हा आमच्या घरचा कुळाचार होता. पंगतीत ‘पुरे, पुरे’ म्हणणाऱ्याचा आडवा हात बाजूला सारून वाढणारी जी माणसे असतात, त्यांपैकी आमची ही एक. लग्न झाल्यापासून मी ‘नको’ म्हणालो आणि पानात पोळी पडली नाही, असे झाल्याचे मला स्मरत नाही. आग्रहावाचून जेवण म्हणजे तिच्या मते खाणावळ!

गेली दोन वर्षे मात्र वाढपी बदलला आहे. आता वाढतो मी, आणि ‘नको’ म्हणते ती.

हिला यकृताचा विकार आहे. डॉक्टर त्याला सिरॉसिस म्हणतात. यकृताचे नाव काढले, की ऐकणाऱ्याच्या नजरेत एक प्रश्न उभा राहतो. दारूचा वास येतो म्हणून जिने खोकल्याच्या औषधाची अख्खी बाटली मोरीत ओतली, तिच्याविषयी हा प्रश्न! खरी हकिगत निराळी आहे. १९८६ साली मुलाच्या वेळी ती अडली. रक्त फार गेले, आणि बाहेरचे दोन बाटल्या रक्त द्यावे लागले. त्याबरोबर कावीळ ‘क’चा विषाणू आत शिरला. त्याचा शोधच मुळी लागला १९८९ साली, आणि दात्यांच्या रक्तात तो आहे की नाही, हे पाहणे आपल्या देशात सक्तीचे झाले २००१ साली. मग दोष द्यायचा कोणाला? तो पाहुणा तीस वर्षे पावलांचा आवाज न करता राहिला. तीन महिन्यांच्या गोळ्यांनी अखेर तो गेला. पण घर पोखरून गेला.

मुलाला हे कळले तेव्हा तो बराच वेळ मान खाली घालून बसला होता. ही म्हणाली, “अरे वेड्या, त्या बाटल्यांनीच तर तुला आई मिळाली!”

पोटात पाणी साठते, त्याने जठर दाबले जाते, आणि दोन घासांतच पोट भरल्यासारखे होते. शिवाय मिठाला मर्यादा. दिवसभरात सगळे मिळून चहाचा एक सपाट चमचा. लोणचे, पापड, चिवडा यांना घरबंदी झाली. मी लिंबू, आमसूल, जिरे यांना शरण गेलो. भेटायला येणारे सांगत, “डाळ बंद करा, अंडे तर नकोच.” तसे सांगण्याची पूर्वी रीतही होती. पण आमचे डॉक्टर म्हणाले, “डाळ, दही, अंडे, पनीर, जे जाईल ते द्या. त्यांचे स्नायू झिजताहेत.”

त्यांनी आणखी एक गोष्ट समजावून दिली. निरोगी यकृत दिवसा साखर साठवते आणि रात्री ती शरीराला पुरवते. हिच्या कोठीत आता साठाच राहत नाही. म्हणून नुसत्या एका रात्रीचा उपास तिला दोन-तीन दिवसांच्या उपासासारखा पडतो. जन्मभर हौसेने एकादशा केलेल्या बाईच्या नशिबी आता रोजची रात्र एकादशीची! तेव्हा निजण्यापूर्वी थोडे काही पोटात गेलेच पाहिजे.

झाले! मी आग्रहाचे शस्त्र उपसले. “एवढा घास माझ्यासाठी,” “निदान नातीसाठी,” अशी वाढणाऱ्याची सारी जुनी सूत्रे मी तिच्यावरच चालवली. एका रात्री तासभर खपून मऊ खिचडी केली. तिने दोन चमचे घेतले आणि वाटी सारली. मी चिडलो. “जगायचंच नाही का तुला?” असे बोलून गेलो.

ती काही वेळ बोलली नाही. मग हळूच म्हणाली, “अहो, भूक नाही याचा मला त्रास होत नाही हो. पण तुम्ही असे समोर बसलात, की जेवणं म्हणजे परीक्षा वाटते. रोज नापास होते मी.”

त्या रात्री मला झोप आली नाही. इतकी वर्षे तिचा आग्रह मी जिंकत आलो, कारण मला भूक होती. भूक असलेल्याला केलेला आग्रह म्हणजे लाड. भूक नसलेल्याला तोच आग्रह म्हणजे वसुली. एवढे साधे गणित मला सत्तरीच्या उंबरठ्यावर कळावे!

दुसऱ्या दिवसापासून ताट गेले, वाटी आली. दर दोन-तीन तासांनी वाटीभर काहीतरी तिच्या हाताशी ठेवायचे आणि आपण वर्तमानपत्र उघडून बसायचे. वाटीकडे पाहायचे नाही. कधी ती रिकामी होते, कधी तशीच राहते. तशीच राहिली, तर मुकाट्याने उचलायची. मला ठाऊक आहे, या वाट्यांनी यकृत परत येणार नाही. वाट्या मोजून दिवस वाढत असते, तर मी भांड्यांचे दुकान मांडले असते.

यंदा दिवाळीला तिने स्वयंपाकघरात खुर्ची मागवली आणि बसल्या जागेवरून माझ्याकडून करंज्या करवून घेतल्या. “मुरड नीट घाला, ही करंजी आहे, पाकीट नव्हे!” सारण चांगले झाले, कडा मात्र फुटल्या.

रात्री नेहमीप्रमाणे एक करंजी बशीत घालून तिच्या उशाशी ठेवली आणि मी वर्तमानपत्र उघडले. सकाळी वाचून झालेलेच होते. पानाआडून करंजी मोडल्याचा बारीक आवाज आला. मी मान वर केली नाही.

थोड्या वेळाने बशी सरकत सरकत माझ्यापुढे आली. तीत अर्धी करंजी होती.

“घ्या,” ती म्हणाली, “एवढीशी तर आहे. नाही म्हणायचं नाही.”

मी नाही म्हणालो नाही.