नळीतली तार

सुई धरणाऱ्या दांड्याच्या टोनआर्म या नावाला आता फारसा अर्थ उरलेला नाही. भोंग्याच्या ग्रामोफोनवर तो होता. सुईची थरथर ध्वनिपेटीतल्या पातळ पडद्याकडे जायची आणि पडद्याने हलवलेली हवा पोकळ दांड्यातून भोंग्यापर्यंत पोचायची. दांडा खरोखरच सूर वाहायचा. 1925च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण आलं, पाठोपाठ विजेचे पिकअप आले आणि नळीतल्या हवेचं काम दोन तारांकडे गेलं. 1958मध्ये स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्यावर दोनाच्या चार झाल्या: उजव्या बाजूसाठी तांबडी आणि हिरवी, डावीसाठी पांढरी आणि निळी. या अदलाबदलीत दांड्याच्या वाट्याला एक नवी अडचण आली, तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. हवेला ताठा नसतो, तारेला असतो. जुन्या टर्नटेबलच्या दांड्यातल्या तारा घरी बदलायला बसणाऱ्याने आधी या ताठ्याचा विचार करावा, असं माझं म्हणणं आहे. हौशी मंडळींत वाद रंगतो तो मात्र तांबं की चांदी यावर.

त्या वादाचा हिशेब एकदा मांडूनच टाकू. दांड्यातली तार धरा तीस सेंटिमीटर. 0.127 मिलिमीटर जाडीची तांब्याची तार घेतली, तर तेवढ्या लांबीचा रोध भरतो सुमारे 0.4 ओहम, जाऊन-येऊन 0.8. समोर फोनो अ‍ॅम्प्लिफायरचा भार असतो 47,000 ओहमचा. मूव्हिंग मॅग्नेट जातीचं कार्ट्रिज, म्हणजे दांड्याच्या टोकाचा सुईवाला पिकअप, चार-पाच मिलिव्होल्ट देतं, म्हणजे तारेतून वाहणारा प्रवाह एका मायक्रोअ‍ॅम्पिअरच्या दहाव्या भागाइतका. चांदी तांब्यापेक्षा साधारण सहा टक्के चांगली वाहक आहे. ती वापरून वाचले किती, तर 0.05 ओहम. मूव्हिंग कॉइलचं कार्ट्रिज जास्त नाजूक, हे खरं. पण तिथेही कॉइल दहा ओहमची आणि भार शंभरचा धरला, तर तारेच्या 0.8 ओहममुळे आवाजाची पातळी एक टक्कासुद्धा उतरत नाही. एवढ्या फरकासाठी चांदीचे पैसे मोजणाऱ्याने ते दागिन्यावर मोजावेत. निदान दिसतील तरी.

आता यंत्राची बाजू पाहा, कारण खरी गंमत तिथे आहे. तबकडीच्या एका बाजूवर वीस मिनिटांचं गाणं असेल, तर 33⅓च्या गतीने तिचे सहाशेसहासष्ट फेरे होतात, आणि तेवढ्या वेळात सुई काठापासून आतवर साधारण 85 मिलिमीटर सरकते. म्हणजे एका फेऱ्याला मिलिमीटरचा जेमतेम आठवा हिस्सा. दांड्याला आत न्यायला वेगळं यंत्र नसतं. खाचेची भिंत सुईला रेटते, आणि सुई अख्खा दांडा ओढून नेते. म्हणून तर बेअरिंगच्या घर्षणाची एवढी काळजी घेतलेली असते. टेक्निक्सने एसएल-1200 एमके2च्या माहितीत ते सात मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्याचं छापलं आहे, आणि सुईचा भार असतो दीड-दोन ग्रॅम. अशा बेअरिंगपाशी थोडी ताठ तार वळसा घालून बसवली, की ती स्प्रिंगसारखी वागते आणि दांड्याला कधी आत, कधी बाहेर खेचते. स्टीरिओ खाचेच्या आतल्या भिंतीवर डावा चॅनेल असतो, बाहेरच्या भिंतीवर उजवा. तारेच्या रुसव्याचा भार मग एकाच भिंतीवर पडतो. अनेक बारीक, सुट्या पेडांची लिट्झ तार इथे कामाला येते, पण जाहिरातीत सांगतात त्या कारणाने नव्हे. लिट्झ हा मूळ जर्मन शब्द, त्यातला अर्थ आपल्या वेणीच्या पेडाजवळ जाणारा. पेड वेगळे ठेवण्याची युक्ती रेडिओच्या उच्च वारंवारतेसाठी निघाली, जिथे वीज तारेच्या कातडीतूनच वाहते. वीस किलोहर्ट्‌झला ही कातडी जवळजवळ अर्धा मिलिमीटर जाड असते. आपली तार त्याहून कितीतरी बारीक आहे, तेव्हा त्या फायद्याचा इथे प्रश्नच येत नाही. फायदा आहे तो लवचीकपणाचा. तेवढंच तांबं सात सुट्या पेडांत विभागलं, तर वाकवायला लागणारा जोर सातव्या हिश्शावर येतो.

यावर कुणी म्हणेल, तारा बदलल्यावर आवाज सुधारलेला लोकांनी ऐकला आहे, ते काय खोटं बोलतात? खोटं बोलत नाहीत. पण तारेबरोबर कार्ट्रिजला जोडणारी चाळीस वर्षांची काळवंडलेली क्लिप गेली, भेगाळलेलं सोल्डर गेलं, कार्ट्रिज नव्याने नीट बसलं. श्रेय मात्र एकट्या तारेला मिळालं. विजेच्या बाजूचा एक आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, तो धारकतेचा. अर्धा हेन्री प्रेरकत्वाच्या कार्ट्रिजला 200 पिकोफॅरड जोडले, तर अनुनाद सोळा किलोहर्ट्‌झच्या आसपास येतो. 400 जोडले, तर तो अकरावर उतरतो, आणि ते कानाला कळतं. मात्र ही धारकता मुख्यतः दांड्याबाहेरच्या मीटरभर केबलची असते. दांड्याच्या तारेबरोबर केबलही बदलणाऱ्याने आधी तिचे पिकोफॅरड विचारून घ्यावेत.

राहिला प्रश्न हे काम घरी करावं का. हात थरथरतात, तार केसासारखी, ही भीती रास्त आहे. पण काम कौशल्यापेक्षा क्रमाचं आहे. कार्ट्रिज आधी काढून ठेवायचं, कारण सोल्डरिंग आयर्नची धग त्याला सोसत नाही. जुनी तार ओढून फेकायची नाही. परकराची नवी नाडी जुनीला बांधून ओवतात, तशी नवी तार जुनीच्या शेपटाला बांधून नळीतून आणायची. प्रत्येक पेडावर वार्निशचा थर असतो. ब्लेडने खरवडला तर पेड तुटतात. सोल्डरच्या तापत्या थेंबात जळणारं वार्निश असलेली तार घेतली, तर टोकांना कल्हई आपोआप चढते. क्लिपमध्ये लाकडी काडी खोचून मगच डाग द्यायचा. तांबडी-हिरवीची अदलाबदल झाली तर आवाज बंद पडत नाही, एवढाच धोका. नुसता खर्ज विरतो आणि गायक दोन स्पीकरांच्या मध्ये उभा राहायचं नाकारतो. म्हणून मल्टिमीटरने चारही वाटा तपासायच्या, तेही कार्ट्रिज लावण्यापूर्वी, कारण मीटरचा प्रवाह त्याच्या कॉइलला मानवत नाही. नंतर कार्ट्रिज लावून दांडा आडवा तरंगेल असा तोलायचा, अ‍ॅण्टिस्केटिंग, म्हणजे दांड्याला बाहेर ओढणारा जोर, शून्यावर आणायचं आणि सुई तबकडीला न टेकवता दांडा बोटाने मध्यावर नेऊन सोडायचा. तो तिथेच तरंगत राहिला, तर तार बसली. आपणहून एका बाजूला सरकू लागला, तर बेअरिंगखालचा वळसा सोडवून पुन्हा घालायचा, थोडा सैल.