धुराची वहिवाट

वकिलीच्या धंद्यात मुरलेल्या माणसाला एक खोड लागते. कोणतीही गोष्ट पाहिली की तिच्यात वादी कोण, प्रतिवादी कोण आणि ताबा कोणाचा, हे प्रश्न त्याला पडू लागतात. शेजारच्या पेरूची फांदी कुंपणावरून अलीकडे आलेली दिसली की त्याला पेरू दिसत नाहीत, दावा दिसतो. या खोडीची थट्टा आमच्या घरात पुष्कळ होते आणि ती रास्तच आहे. पण तिचा एक उपयोगही आहे. काही गोष्टी इतक्या परिचयाच्या असतात की त्यांच्याकडे कोणी पाहतच नाही. या खोडीमुळे त्या एखादे दिवशी डोळ्यांत भरतात. स्वयंपाकघरातला धूर ही त्यांपैकीच एक.

ज्याला आम्ही कचेरीत 'ईझमेंट ॲक्ट' म्हणतो, तो सुविधाधिकाराचा कायदा १८८२ सालचा. त्याच्या सातव्या कलमाखाली एक साधे उदाहरण दिले आहे : आपल्या जागेवर येणारी हवा दुसऱ्याने गैरवाजवी रीतीने दूषित करू नये, हा प्रत्येक मालकाचा हक्क आहे. वाचून बरे वाटते. पण थोडे पुढे गेले की हाच कायदा सांगतो की, एखादा उपभोग शांततेने, उघडपणे, हक्काच्या नात्याने आणि खंड न पडता वीस वर्षे चालला, तर तो पक्का हक्क होऊन बसतो. हवा दूषित करण्याचा हक्कसुद्धा असा वहिवाटीने मिळू शकतो, हे त्या कायद्याला मान्य आहे.

आता माझ्या आईचे उदाहरण घ्या. निपाणीच्या आमच्या जुन्या घरात ती एकोणिसाव्या वर्षी सून म्हणून आली. त्या दिवसापासून पन्नास वर्षांहून अधिक काळ ती एकाच चुलीपुढे बसली. धूर तिच्या डोळ्यांत आणि छातीत रोज, उघडपणे, हक्काच्या नात्याने जात राहिला. तिने हरकत घेतली नाही. पदराने डोळे पुसले, फुंकणी उचलली आणि पुढची भाकरी थापली. धुराच्या बाजूने वकीलपत्र घ्यायचे झाले, तर याहून बळकट वहिवाट मला दाखवता येणार नाही.

निपाणी हे विडीच्या तंबाखूचे गाव. वखारींवरून जाताना तो उग्र वास नाकात बसतो. परगावचा माणूस शिंकतो, गावच्या माणसाला त्याचे काही वाटत नाही. धुरावर ज्या गावाचा प्रपंच चालतो, तिथे घरातल्या धुराचे कौतुक कोण करणार? तीन वर्षांपूर्वी आईचा खोकला थंडी सरली तरी सरेना. डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारले, "विडी कोण ओढतं घरात?" आई म्हणाली, "कुणी नाही. चूल ओढते." डॉक्टर हसले नाहीत.

घरात गॅस नव्हता असे नाही. चहा, भाजी, आमटी गॅसवरच होते. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी बलियात सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडे सिलिंडर होता. पण सिलिंडर आला म्हणून चूल विझत नाही, हे खेड्यापाड्यांतून हिंडणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. सकाळची भाकरी, आंघोळीचे पाणी, सणावाराचा मोठा स्वयंपाक ही कामे चुलीकडेच राहतात. शेताच्या बांधावरच्या बाभळी आहेत, तुरकाट्या आहेत, शेणी आहेत. जळण विकत आणावे लागत नाही. शिवाय चूल ही आईची मिळकत. तिचा ताबा सोडायला ती तयार नव्हती आणि तसे सांगण्याचा अधिकार मला नव्हता. तेव्हा प्रश्न उरला तो एवढाच : चूल राहील, पण धूर बाहेर जाईल, असे काही करता येईल का?

हा प्रश्न आमच्यापुरता नाही. थंड मुलुखांतून भिंतीतल्या उघड्या आगटीपुढे बसणाऱ्यांना तो शतकानुशतके छळत आला. तेथे लाकूड जळे पुष्कळ, पण बरीचशी ऊब धुराड्यातून आकाशाला जाई आणि धूर मात्र अनेकदा खोलीत उलटे. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने लोखंडी आगटीची नवी रचना केली आणि १७४४ साली तिच्यावर पुस्तिका छापली. पेनसिल्वेनियाच्या गव्हर्नराने त्याला तिचे पेटंट देऊ केले, ते त्याने नाकारले. पुढे काउंट रमफर्डने १७९६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात धुराड्याचा गळा अरुंद करण्याची युक्ती सांगितली. आज तिकडे जुन्या आगटीच्या पोकळीत दाराची बंद लोखंडी पेटी बसवतात. भिंत तीच, धुराडे तेच, फक्त आगीला घर मिळते. आम्हाला हवे होते ते याच जातीचे : जुन्या चुलीच्या कोनाड्यात बंद चूल.

आपल्याकडेही हा विचार जुना आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत 'मगन चूल' निघाली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन शाळेतील एस. पी. राजू यांनी १९५३ साली निर्धूर स्वयंपाकघरावर पुस्तिका प्रसिद्ध केली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली 'अस्त्र' हा विभाग सुरू झाला आणि त्याने तीन भांड्यांची 'अस्त्र ओले' तयार केली. ओले म्हणजे कानडीत चूल. आमच्या घरी आलेला गवंडी संकेश्वरकडचा, कानडी बोलणारा. त्याच्या तोंडी सारखे 'ओले, ओले'. आईने दोन दिवस ऐकून घेतले आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "अरे, पावसाळा तोंडावर आलाय, आणि हा ओलं ओलं काय करतोय? जळण कोरडंच लागतं म्हणून सांग त्याला." सीमाभागात राहण्याची ही एक मौज आहे. एका भाषेतली चूल दुसऱ्या भाषेत भिजून जाते.

गवंड्याने जुनी चूल पाडली नाही. तिच्या कोनाड्यात विटा आणि कमावलेली माती यांनी बंद घर बांधले. तळाशी ओतीव लोखंडाची जाळी बसवली, म्हणजे राख खाली पडावी आणि हवा खालून आगीला मिळावी. पहिल्या तोंडावर तवा किंवा भगुणे, मागच्या वैलावर पाण्याचे पातेले. जाळ पहिल्या भांड्याखालून वैलाखाली जातो आणि तिथून नळात. भांडी तोंडांवर घट्ट बसली पाहिजेत. फट राहिली की धूर तिथूनच डोकावतो. नळ चार इंच व्यासाचा, कौलांतून वर काढून आढ्याच्याही वर तीन फूट नेलेला. वाशांजवळ लाकडाला आच लागू नये म्हणून मोकळी जागा ठेवून भोवती पत्र्याचे कडे घातले. वर पावसासाठी टोपी आणि नळाच्या बुडाशी एका विटेचे दार, साफ करण्यासाठी.

धुराडे ओढते कसे, यात गूढ काही नाही. तापलेली हवा हलकी होते, वर जाते आणि तिच्या जागी खालून ताजी हवा येते. गुऱ्हाळाच्या चुलवाणाला उंच धुराडे असते ते याच कारणाने. नळ थंड असेल तर मात्र पहिला धूर उलटतो. म्हणून आधी विटेच्या दारातून एक पेटता कागद आत धरायचा, नळाला ऊब द्यायची आणि मग चूल पेटवायची.

या बांधकामात खरी हरकत आली ती आईकडून. पहिला आराखडा पाहून ती म्हणाली, "भाकरी कुठं फुगवू?" गवंड्याने तव्याकडे बोट दाखवले. आई म्हणाली, "तव्यावर भाजते रे, फुगते निखाऱ्यावर. तुझ्या चुलीला पुढं अंगणच नाही." मला त्या क्षणी एक मोठे कोडे उलगडल्यासारखे झाले. १९८० च्या दशकात सुधारित चुलींची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि २००२ पर्यंत चालली. तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या गेल्या. त्यांतल्या पुष्कळशा काही वर्षांत मोडल्या, नळ तुंबले, काहींचा कोठीचा कट्टा झाला. इंधन किती वाचते ते मोजले गेले होते. पण जिचा दावा, तिचीच साक्ष पुष्कळदा घेतली गेली नाही. आमच्या गवंड्याने मात्र साक्ष घेतली. चुलीच्या तोंडापुढे वीतभर कट्टा वाढवला आणि तोंडाला पत्र्याचे झाकण दिले. भाकरीपुरते निखारे पुढे ओढायचे, भाकरी फुगवायची, निखारे पुन्हा आत लोटायचे. ही दुरुस्ती कोणत्याही पुस्तिकेतली नाही, आईची आहे.

पंधरा दिवस माती वाळू दिली. मग चार दिवस लहान जाळ केला, नाहीतर माती तडकते. पाचव्या दिवशी आईने चुलीला हळदकुंकू वाहिले आणि भाकरी टाकली. माझी पत्नी काणकोणकडची. ती दारात येऊन उभी राहिली आणि कोंकणीतच म्हणाली, "आई, धुंवर खंय गेलो?" आई वर बोट करून म्हणाली, "त्याला नोटीस दिली." कोंकणीत आगीला 'उजो' म्हणतात. माझ्या कानाला त्यात नेहमी उजेड ऐकू येतो. त्या दिवशी पहिल्यांदा स्वयंपाकघरात उजो होता आणि आढ्यापर्यंत उजेडही होता.

इथे एक कायद्याचा मुद्दा आहे, आणि तो शेजारच्या काकांनी काढला. नळाचे तोंड त्यांच्या माडीच्या खिडकीच्या दिशेने होते. "तुमच्या आईचा धूर आता माझ्याकडं राहायला येणार का?" त्यांचा प्रश्न रास्त होता. धूर खोलीतून गेला म्हणून जगातून जात नाही; तो पत्ता बदलतो. सातव्या कलमातले ते उदाहरण काकांच्या बाजूने होते आणि मी ते त्यांना वाचून दाखवले. नळ दोन फूट वाढवला, त्याचे तोंड खिडकीच्या वर गेले. पण खरे उत्तर उंचीत नव्हते, जळणात होते. धूर म्हणजे न जळलेले लाकूडच. वर्षभर छपराखाली वाळलेली, बारीक फोडलेली बाभूळ जाळीवर भरपूर हवेत जळाली, की नळातून दिसेल न दिसेल इतकाच धूर निघतो. ओले जळण घातले की काकांना ते आमच्याआधी कळते. आता जळण कसे आहे याचे परीक्षक तेच आहेत.

पुढची गोष्ट कंटाळवाणी आहे, आणि सारे तिच्यावरच अवलंबून आहे. राख रोज काढावी लागते, नाहीतर जाळी कोंडते. दर महिन्याला विटेचे दार उघडून, दोरीला काथ्याचा गुंडा बांधून नळातली काजळी ओढावी लागते. ओल्या लाकडाने नळात डांबरासारखा चिकट थर धरतो. तो साचला तर नळच पेट घेऊ शकतो. पावसाळ्यापूर्वी टोपी आणि कौलांजवळचा पत्रा पाहावा लागतो. मातीला तडा गेला की त्याच दिवशी माती-शेणाचा हात फिरवावा लागतो. खिडकी उघडीच ठेवावी लागते, कारण जळत्या चुलीचा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बेळगावहून येतो तो याच कामासाठी. कोर्टातला काळा कोट उतरवून घरी पुन्हा काळे व्हायचे, असे पत्नी म्हणते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२० साली घरातल्या अशा प्रदूषित हवेने जगात सुमारे ३२ लाख माणसे मेली. हा आकडा मोठा आहे, पण तो कोणत्याही रडण्याचा आवाज करीत नाही. कारण हे मरण खोकल्याच्या रूपाने वर्षानुवर्षे हप्त्यांनी येते आणि हप्ते भरणारी बहुधा बाई असते. आईचा खोकला पुरता गेला आहे, असे मी म्हणणार नाही. पन्नास वर्षांचे जमाखर्च दोन वर्षांत मिटत नाहीत. पण रात्री ती उठून बसत नाही, आणि सकाळी भाकरी थापताना पूर्वीसारखी जुनी गाणी म्हणते. फुंकणी भिंतीला टेकून उभी आहे; श्वास गाण्यासाठी मोकळा झाला आहे.

सुविधाधिकाराच्या कायद्यात आणखी एक बारकावा आहे. वहिवाटीत खंड पडला असे म्हणायचे, तर नुसती आडकाठी घालून भागत नाही. ती आडकाठी कळल्यावरही समोरच्याने ती वर्षभर मुकाट्याने सोसलेली असली पाहिजे. आमचा नळ उभा राहून दोन पावसाळे झाले. धुराने अजून हरकत घेतलेली नाही. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने त्याची वहिवाट मोडली, असा माझा निकाल आहे. फक्त हा प्रतिवादी मोठा चिवट आहे, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच्यावर नवा हुकूम बजावावा लागतो.