बाळंतिणीची डोकेदुखी

प्रसूतीला आपल्या भाषेंत ‘सुटका’ असा शब्द आहे. त्या शब्दावर आम्हीं आजवर डोळे मिटून विश्वास ठेविला. परंतु दोन वर्षांपूर्वीं आमच्या चिंचवडच्या घरीं जें घडलें, त्यानंतर तो उच्चारतांना आमची जीभ किंचित् अडखळते.

आमची भाची चाकणच्या एका कारखान्यांतील तरुणाला दिलेली. आईवेगळी पोर, म्हणून बाळंतपण आमच्याकडे. आठव्या महिन्यांत तिच्या बोटांतील अंगठी रुतूं लागली. ‘या दिवसांत सूज यायचीच,’ असें म्हणून घरांत साबण लावून ती काढली गेली. दवाखान्यांत रक्ताचा दाब चढलेला निघाला. गोळ्या सुरू झाल्या. मुलगा झाला, दाब उतरला. गोळ्या संपल्या त्या पुन्हा आणावयास आम्ही विसरलों. रुग्णालयाच्या कागदावर पुढील तपासणीची तारीख दीड महिन्यानंतरची होती. तो कागद आम्हीं देवाच्या तसबिरीमागें ठेवून दिला.

सहाव्या दिवशीं सटवीच्या पूजेची तयारी चालली असतां तिचें डोकें दुखूं लागलें. शेजारच्या आजींनीं वारा बाधला म्हणून कानाला फडकें बांधविलें. जागरणाचें दुखणें, असा आमचा निकाल. दिवेलागणीला ती म्हणाली, “मामा, डोळ्यांपुढें ठिपके नाचताहेत.” तरीही आम्ही तिला निजावयास सांगत होतों. भाचेजावयांनीं मात्र ऐकलें नाहीं. प्रेसमधील तेलाच्या दाबाच्या काट्यावर नजर ठेवणें हें त्यांचें रोजचें काम. “आधीं दाब पाहूं, कारण मागाहून शोधूं,” असें म्हणून त्यांनीं रिक्षा आणिली. वरचा आंकडा १८० आणि खालचा १२० निघाला.

त्या रात्रीं डॉक्टरांनीं आम्हांला जें समजाविलें तें आम्हांस आधींच ठाऊक असावयास हवें होतें. गर्भारपणाच्या २० व्या आठवड्यानंतर दाब १४० वर ९० किंवा अधिक भरला कीं सावध व्हावयाचें. वार पडली म्हणजे धोका तत्काळ टळत नाहीं. उलट प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत दाब पुन्हा वर जातो, आणि झटक्याचें भय सहा आठवड्यांपर्यंत राहूं शकतें. तिला मॅग्नेशियम सल्फेट टोचण्यांत आलें. आमच्या लहानपणीं जुलाबासाठीं मिळणारें एप्सम सॉल्ट तें हेंच! २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या, ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांवरील परीक्षेंत या साध्या मिठानें झटक्यांचें प्रमाण निम्म्याहून खालीं आणिलें होतें. आमच्या मुलीला झटका आला नाहीं. पहांटे तिनें बाळाला मागितलें, तेव्हां आम्ही बाहेर जाऊन उभे राहिलों.

भाचेजावयांनीं पुढें दाब मोजण्याचें यंत्र विकत घेतलें. त्यांच्या चाळींत मराठवाड्यांतून आलेलीं तरुण बिऱ्हाडें पुष्कळ. घरांत वडील माणूस नाहीं, आणि बाळंतपणाला बायका गांवीं जातात. निघतांना प्रत्येकीच्या पिशवींत ते आंकड्यांचा कागद ठेवावयास लावितात. मागल्या महिन्यांत एकीचा लातूरकडून फोन आला. बाळ नऊ दिवसांचें, दाब १६० वर ११०, पण डोकें दुखत नाहीं; सोमवारीं दाखविलें तर चालेल काय?

“आतांच निघा,” एवढेंच ते म्हणाले.