विलायतेंतील वाडे व बागा

प्रवासास निघालेल्या तरुणाच्या गाठोड्यांत कपडे असतात, आणि म्हाताऱ्याच्या गाठोड्यांत त्याचें गांव असतें. तरुण नवें पाहून हरखतो. वृद्ध मनुष्य नव्या वस्तूशीं आपली जुनी वस्तु ताडून पाहतो. आम्हां उभयतांस या गोष्टीचा प्रत्यय इंग्लंडच्या प्रवासांत पुरेपूर आला. आमचें घर बारामतीस व शेती इंदापूर तालुक्यांत, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर. चिरंजीव नोकरीनिमित्त इंग्लंडांत रेडिंग शहरीं सहकुटुंब राहतात. त्यांच्या आग्रहास्तव आम्हीं मे व जून हे दोन महिने तेथें काढले. त्या मुक्कामांत जीं जुनीं घरें व ज्या बागा पाहावयास मिळाल्या, त्यांची हकीकत विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावी, या हेतूनें हे चार शब्द लिहीत आहों.

इंग्लंडांत जुन्या सरदारांचीं व सावकारांचीं मोठमोठीं घरें खेडोपाडीं उभीं आहेत. विसाव्या शतकांत वारसाकर जड झाले, नोकरमाणसें मिळेनाशीं झालीं, आणि अशीं शेंकडों घरें जमीनदोस्त झालीं. जीं वांचलीं, त्यांपैकीं पुष्कळांस ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेनें आधार दिला. ऑक्टेव्हिया हिल ही समाजसेविका, रॉबर्ट हंटर हा वकील व हार्डविक रॉन्स्ली हा धर्मोपदेशक, अशा तिघांनीं ती १८९५ सालीं स्थापिली. संस्था सरकारी नाहीं. सभासदांच्या वर्गणीचा व स्वयंसेवकांच्या श्रमांचा तिला मोठा आधार आहे. बहुतेक दालनांतून एखादे पिकल्या केसांचे गृहस्थ किंवा बाई खुर्ची टाकून बसलेल्या आढळतात. त्यांस पगार नाहीं. कोणीं विचारलें तर त्या दालनाची हकीकत सांगावयाची, न विचारलें तर हंसून स्वागत करावयाचें, एवढेंच त्यांचें काम. आमच्याच वयाचीं हीं माणसें इतक्या उत्साहानें बोलतांना पाहून आम्हांस मोठें कौतुक वाटलें.

पहिली सहल झाली ती विल्टशायर परगण्यांतील स्टूरहेड येथें. हेन्री होर नांवाच्या सावकारानें अठराव्या शतकांत येथें स्टूर नदीच्या उगमाजवळ बांध घालून तळें केलें, आणि कांठाकांठानें रोमन धर्तीचीं लहानमोठीं देवळें उभारलीं. तळ्याभोंवतीं फिरणारी वाट अशी आंखली आहे कीं, प्रत्येक वळणावर पाण्यापलीकडे एक नवें चित्र दिसावें. आम्ही गेलों तेव्हां ऱ्होडोडेंड्रॉनच्या जाळ्या लाल-जांभळ्या फुलांनीं लगडल्या होत्या. त्यांच्या पुष्कळ जातींचें मूळ आपल्या हिमालयांत आहे, हें ऐकून परक्या मुलुखांत माहेरचें माणूस भेटल्यासारखें वाटलें. एका घुमटाच्या देवळांत हर्क्युलिस या प्राचीन वीराची मूर्ति आहे. सौभाग्यवतींनीं नातीकरवीं तेथील स्वयंसेविकेस विचारलें, “याची पूजा कोण करतें?” ती बाई म्हणाली, “पूजा होत नाहीं, पण झाडलोट मात्र नेमानें होते.” यावर सौभाग्यवती म्हणाल्या, “मग तीच पूजा.”

या घराची कथा मात्र मन हेलावणारी आहे. घराचे धनी सर हेन्री होर यांस एकुलता एक मुलगा होता. तो पहिल्या महायुद्धांत पॅलेस्टाइनकडील लढाईंत जखमी होऊन १९१७ सालीं अलेक्झांड्रिया येथें वारला. घर सांभाळणारें कोणी उरलें नाहीं. मातापित्यांनीं आणखी जवळजवळ तीस वर्षें तें जिवापाड जपलें, १९४६ सालीं संस्थेच्या स्वाधीन केलें, आणि पुढच्याच वर्षीं, २५ मार्च १९४७ रोजीं, तीं दोघें पतिपत्नी कांहीं तासांच्या अंतरानें इहलोक सोडून गेलीं. त्या तरुणाच्या चित्रापुढें आम्ही बराच वेळ उभीं होतों. ईश्वरकृपेनें आमचा मुलगा सुखरूप आहे. परंतु तो समुद्रापलीकडे आहे, आणि आमचें घर अलीकडे. आपल्यामागें त्या घराचें काय, हा प्रश्न त्या चित्रापुढें आम्हां दोघांच्याही मनांत आला. दोघांपैकीं कोणींच तो बोलून दाखविला नाहीं.

दुसरी सहल लांबची, डर्बीशायरमधील चॅट्सवर्थ येथील. हें डेव्हनशायरच्या ड्यूक घराण्याचें निवासस्थान. आजही तें घराणें तेथें राहतें. येथील कारंजें १८४४ सालीं जोसेफ पॅक्स्टन या माळ्यानें बांधिलें. होय, माळ्यानेंच! शेतकऱ्याच्या घरीं जन्मलेला हा मुलगा बाविसाव्या वर्षीं येथें मुख्य माळी झाला, आणि पुढें लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनाचा प्रचंड स्फटिकमहाल त्यानेंच रचिला. कारंज्यासाठीं त्यानें डोंगरावर आठ एकरांचें तळें खणविलें. तेथून नळानें खालीं येणारें पाणी केवळ उंचीच्या जोरावर उडतें. त्याची धार ९० मीटरपर्यंत चढल्याची नोंद आहे. रशियाच्या बादशहाच्या स्वागतासाठीं हा खटाटोप झाला, आणि बादशहा आलाच नाहीं! आयुष्यभर पाटाच्या पाण्याचा उतार पाहण्यांत घालविलेल्या आमच्यासारख्या शेतकऱ्यास त्या धारेपुढून हलवेना.

परंतु आम्हांस खरा धक्का दिला तो केळीनें. चीनकडील एक ठेंगणी केळ मॉरिशसमार्गें इंग्लंडांत आली. पॅक्स्टननें ती चॅट्सवर्थच्या कांचघरांत लाविली, आणि १८३५ सालीं तिला घड धरला. ड्यूकचें आडनांव कॅव्हेंडिश, म्हणून त्या केळीसही तेंच नांव पडलें. पुढें जॉन विल्यम्स या मिशनऱ्यानें तिचे कंद पॅसिफिक महासागरांतील सामोआ बेटांत नेले, आणि तेथून ती इतर बेटांत पसरली. आज इंदापूरच्या शिवारांत ‘जी-नाइन’ म्हणून जी केळ लावितात, ती याच कॅव्हेंडिश कुळांतील आहे. जिचे घड आम्ही वर्षानुवर्षें मालमोटारींत भरीत आलों, तिचें आडनांव आम्हांस सातासमुद्रांपलीकडे कळलें. वस्तु कोठून कोठें जाते, आणि जातां जातां कोणाचें नांव धारण करिते, हा विचार परतीच्या वाटेवर मनांत घोळत राहिला.

तिसरें घर लंडन शहरांतच, हाइड पार्कच्या कोपऱ्यावर आहे. त्याचें नांव ॲप्सली हाउस. हें वेलिंग्टनच्या ड्यूकचें घर; नेपोलियनचा वॉटर्लू येथें १८१५ सालीं पराभव करणारा सेनापति तो हाच. जिन्याच्या पायथ्याशीं नेपोलियनचाच उंचच उंच संगमरवरी पुतळा उभा आहे. जेत्याच्या घरीं जिताची मूर्ति! कपाटांतून राजेरजवाड्यांनीं नजर केलेलीं चांदीचीं व चिनी मातीचीं भांडीं मांडिलेलीं आहेत. त्यांत सोन्याचा मुलामा दिलेला एक चांदीचा भोजनसंच होता. आमची दहा वर्षांची नात जवळची पाटी वाचतां वाचतां थबकली आणि म्हणाली, “आजोबा, येथें डेक्कन लिहिलें आहे. म्हणजे आपलेंच डेक्कन ना?”

तें आपलेंच होतें. वेलिंग्टन ही पदवी मिळण्यापूर्वीं हा पुरुष आर्थर वेलस्ली या नांवानें हिंदुस्थानांत होता. यशवंतराव होळकरांनीं ऑक्टोबर १८०२ मध्यें पुण्याजवळ पेशव्यांच्या फौजेचा मोड केला. दुसरे बाजीराव पळाले, आणि ३१ डिसेंबर रोजीं वसईस त्यांनीं इंग्रजांशीं तह केला. त्यांस पुन्हां गादीवर बसविण्यासाठीं वेलस्लीची फौज अकलूजकडून बारामतीच्या मुलुखांतून पुण्यावर चालून गेली. अखेरच्या टप्प्यांत घोडदळ घेऊन सुमारें साठ मैल बत्तीस तासांत तोडून तो २० एप्रिल १८०३ रोजीं पुण्यास पोंचला. त्याच वर्षीं २३ सप्टेंबरला, आज जालना जिल्ह्यांत असलेल्या असई येथें, त्यानें शिंदे व भोसले यांच्या सैन्याचा पराभव केला. दख्खनच्या फौजेंतील त्याच्याच अधिकाऱ्यांनीं त्याचा गौरव म्हणून हा भोजनसंच त्यास अर्पण केला. कवि मोरोपंत बारामतीस १७९४ सालीं वारले. त्यानंतर नऊच वर्षांनीं त्या वाटेनें हें घोडदळ गेलें.

लहान मुलीस हें सारें सांगावें कीं नाहीं? चिरंजीव हलक्या आवाजांत म्हणाले, “बाबा, तिला याच देशांत वाढावयाचें आहे. तिच्या मनांत उगाच अढी नको.” त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. परंतु खरें झांकून ठेविल्यानें अढी जाते असें नाहीं. ती पुढें दुसऱ्याकडून ऐकिल्यावर अधिक घट्ट होते. म्हणून आम्हीं तिला सर्व सांगितलें. इंग्रज लोभानें आले हें सांगितलें, आणि आपल्यांतील दुहीनें त्यांस वाट करून दिली हेंही सांगितलें. ती भांडीं लुटीचीं आहेत असें सांगितलें नाहीं, कारण तसें नव्हतें. पण ज्या विजयाबद्दल तीं मिळालीं, तो कोणाच्या भूमीवर मिळाला तें सांगितलें. ती म्हणाली, “मग चूक कोणाची?” आम्ही म्हणालों, “बाळ, याचें उत्तर एका वाक्यांत देतां आलें असतें, तर शाळेंत इतिहासाचा तास कशाला लागला असता?”

आगगाडींतून परततांना ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग तिनें विचारलें, “बारामतीला असें घर आहे का?” आम्हीं मोठ्या अभिमानानें यादी सांगितली. कऱ्हेच्या कांठचा बाबूजी नाईकांचा वाडा, ज्या नाईकांनीं मोरोपंतांस आश्रय दिला. काशीविश्वेश्वराचें देऊळ, जेथें श्रीधर कवीनें १७१८ सालीं शिवलीलामृत पुरें केलें असें मानितात. इंदापूरची मालोजीराजांची गढी. आणि जुन्या पळसदेवचें पळसनाथाचें मंदिर, जें १९८० सालीं पुऱ्या झालेल्या उजनी धरणाच्या पाण्याखालीं गेलें, आणि उन्हाळ्यांत पाणी फार ओसरलें म्हणजे भीमेच्या पात्रांतून पुन्हां डोकें वर काढितें. स्टूरहेडच्या सावकारानें शोभेसाठीं बांध घातला; आपल्याकडे तो उसाच्या व माणसांच्या तहानेसाठीं घातला गेला, आणि त्यासाठीं कित्येक गांवांनीं आपलीं घरें व देवळें पाण्यास दिलीं. तिनें सर्व लक्षपूर्वक ऐकिलें आणि शेवटीं विचारलें, “तेथें खुर्ची टाकून गोष्ट सांगणारे आजोबा कोण आहेत?”

वाचकहो, या प्रश्नानें आम्हांस निरुत्तर केलें. पैसा नाहीं म्हणून वाडा ढांसळतो, हें आपण नेहमीं म्हणतों, आणि त्यांत तथ्यही आहे. दगडचुना राखावयास द्रव्य लागतें, सरकार लागतें, जाणते कारागीर लागतात. पण गोष्ट राखावयास काय लागतें? एक जाणतें माणूस, एक ऐकणारें मूल आणि बसावयास सावली. इंग्लंडांतील त्या म्हाताऱ्यांजवळ यापेक्षां अधिक कांहीं नव्हतें. आपल्याकडे तर घरोघरीं अशीं माणसें आहेत. कोणा आजीस पळसदेवचा जुना बाजार डोळ्यांपुढें दिसतो. कोणा आजोबांनीं धरणांत जाणाऱ्या घराचीं दारें स्वतःच्या हातांनीं काढून नव्या गांवठाणांत आणिलीं असतील. त्यांस विचारणारें कोणी नाहीं, म्हणून त्या गोष्टी त्यांच्याबरोबर चालल्या आहेत.

परत आल्यापासून आम्ही दोघें दर रविवारीं सकाळीं कऱ्हेकांठीं काशीविश्वेश्वराच्या आवारांत बसतों. जो येईल त्यास जें ठाऊक आहे तें सांगतों. जें ठाऊक नाहीं तें वहींत टिपून ठेवितों व जाणत्यांस विचारून येतों. पहिल्या रविवारीं तीन मुलें आलीं, दुसऱ्या रविवारीं एकच. गेल्या रविवारीं सात आलीं, आणि त्यांतील एकानें मोरोपंतांविषयीं असा प्रश्न विचारला कीं, त्याचें उत्तर अजून शोधीत आहों. रेडिंगहून नातही दूरध्वनीवरून चौकशी करीत असते कीं, आज किती जण आले. विद्यार्थिमित्रहो, आपणही यावें. आणि येतांना आपल्या आजी-आजोबांस बरोबर आणावें. आम्हांस ठाऊक नसलेलें पुष्कळ कांहीं त्यांना ठाऊक असेल.