सव्वाआठ फुटांची वाट

मी वाशीमला एका कचेरीत कारकून आहे. आठवडाभर आवक-जावक रजिस्टर आणि बेरजा-वजाबाक्या यांत डोके असते. रविवार उजाडला की एस.टी. धरतो आणि मालेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी जातो. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. कारण जी गोष्ट सांगणार आहे ती गावोगावची आहे.

प्रवासवर्णन म्हटले की वाचकांना लेणी, धबधबे, थंड हवेची ठिकाणे आठवतात. मी आज तुम्हाला चार किलोमीटरच्या एका वाटेवर नेणार आहे. ही आमच्या गावाची पांदण. गावापासून निघते, काळ्या रानातून जाते, ई-क्लासच्या टेकडीला वळसा घालते आणि हायस्कूल असलेल्या शेजारच्या गावात उतरते. डांबरी सडकेने हेच अंतर नऊ किलोमीटर भरते.

आमचा वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला. सहा तालुक्यांचा लहानसा जिल्हा. पण मुलूख जुना आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळा क्रमांकाचे लेणे भिक्षुसंघाला दान दिले. म्हणजे या मातीतून अजिंठ्यापर्यंत माणसे, बैल आणि धन गेले ते वाटांनीच गेले असणार. आज त्याच जिल्ह्यातून नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जातो. 701 किलोमीटरचा हा रस्ता जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला. त्याच्यावर मोटारी वाऱ्यासारख्या पळतात. सायकलीला, बैलगाडीला आणि मोटारसायकलीला मात्र तिथे मज्जाव आहे. वेगवान रस्त्यावर तो नियम हवाच, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या वस्तीतल्या बहुतेक घरांत जे वाहन आहे ते सायकलच आहे. तिच्यासाठी राहिली ती पांदण.

पांदण कशी असते हे शहरात वाढलेल्या मुलांना सांगायला हवे. दोन्ही बाजूंना शेतांचे धुरे, धुऱ्यावर बाभळी, बोरी, निंब. मध्ये गाडीच्या दोन चाकोऱ्या. उन्हाळ्यात गुडघाभर फुफाटा. पावसाळ्यात काळी माती अशी फुगते की सायकलचे चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये गच्च बसते आणि चाक फिरायचेच थांबते. मग काडीने चिखल काढायचा, चार पावले जायचे, पुन्हा काढायचा. शेवटी सायकल खांद्यावर घ्यायची. ज्या सायकलीने माणसाला न्यायचे तिलाच माणूस नेतो.

माझी पुतणी आठवीत गेली तेव्हा तिला मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळाली. घरात आनंद झाला. वहिनीने सायकलीला फूल वाहिले. पुढे पावसाळा लागला आणि सायकल भिंतीला टेकली ती दिवाळीपर्यंत हलली नाही. सडकेने नऊ किलोमीटर जाताना ट्रकांची भीती, आणि एस.टी. वेळेवर येईल याचा भरवसा नाही. पोरीचे आठवड्यातले दोन-तीन दिवस बुडत होते. एका रविवारी ती मला म्हणाली, "काका, सरकारनं सायकल देल्ली, पन ते चालवू कुठं?"

या प्रश्नाला माझ्या बी.कॉम.च्या पुस्तकात उत्तर नव्हते. मी तलाठी कार्यालयात जाऊन गावचा नकाशा पाहिला. आपल्या प्रत्येक वाचकाने एकदा तरी आपल्या गावचा नकाशा पाहावा. त्यात गाडीमार्ग दुहेरी रेषेने दाखवलेला असतो. त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. पायमार्ग एकाच तुटक रेषेने दाखवलेला असतो आणि त्याची रुंदी सव्वाआठ फूट. आमची पांदण काळ्या रानात गाडीमार्ग होती आणि ई-क्लासच्या टेकडीवर पायमार्ग होती. नकाशावर ती शाबूत होती. जमिनीवर मात्र काही ठिकाणी जेमतेम तीन फूट उरली होती. ती कोणी एका रात्रीत गिळली नव्हती. दरवर्षी एक-एक तास धुऱ्याच्या बाहेर गेला होता.

आता खरी अडचण सांगतो. काळ्या रानात पांदण दाबणारा मोठा शेतकरी होता, त्याच्याशी बोलायला मन तयार होते. पण टेकडीच्या कडेला पायमार्ग दाबला होता तो आमच्याच मोठ्याबाबांच्या वावराने. हे वावर ई-क्लासवरचे. 1964 मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्या भूमिहीनाला मिळावी ही त्यातली मागणी. त्या वाऱ्यात आमच्या आजोबांनी टेकडीखालचे दगड वेचले आणि जमीन नांगरली. पुढे 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची गायरानावरची वहिवाट नियमित करण्याचे ठरले. त्यासाठी केलेल्या अर्जांच्या नकला मोठेबाबा आजही पत्र्याच्या पेटीत ठेवतात. 2011 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. त्याच निकालात शासनाच्या निर्णयाने भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद सांगितलेला आहे. पण भीती अपवाद वाचत नाही. तेव्हापासून कोणी टेप घेऊन शिवारात दिसला की वस्तीत कालवाकालव होते.

मी मोठ्याबाबांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "बापू, आज सव्वाआठ फूट मांगता, उद्या सारं वावर मांगतीन. मंग मी कोनाच्या दारात जाऊ?"

मी गप्प बसलो. त्यांचे चूक नव्हते. पोरीचेही चूक नव्हते. सामायिक जमिनीचा हाच पेच आहे. ती सगळ्यांची असते, म्हणून पहिला घाव दुबळ्यावर पडतो. मी दोन आठवडे तो विषय काढला नाही. तिसऱ्या रविवारी पुतणीच त्यांच्याकडे गेली. काय बोलली ते तिने मला सांगितले नाही. मोठेबाबा संध्याकाळी आमच्या ओसरीवर आले आणि म्हणाले, "पोरीसाठी सोडतो. पन मोजनी मायासमोर करा. अन् आगुदर त्या मोठ्याची करा, मंग माही."

यापेक्षा न्यायाची गोष्ट दुसरी नव्हती. आम्ही तसेच केले. मोठ्या शेतकऱ्याने आधी हात झटकले. मग आम्ही तहसीलदारांकडे अर्ज दिला. शेतरस्त्यातला अडथळा दूर करण्याचा अधिकार 1906 च्या मामलतदार न्यायालय कायद्याने त्यांना आहे, आणि धुऱ्यावरून वाट देण्याचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 143 मध्ये आहे. जागेची पाहणी झाली, पंचनामा झाला. सोयाबीन घरी आणायला त्याच पांदणीने ट्रॅक्टर लागतो हे त्या गृहस्थालाही पटले. त्याने धुरा मागे घेतला. दुसऱ्या दिवशी मोठ्याबाबांनी स्वतःच्या हाताने आपल्या वावरात सव्वाआठ फुटांवर दगड रोवला. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. ते मी पाहिले नाही असे दाखवले.

मे महिन्यात चार रविवार श्रमदान केले. वस्तीतले तरुण, महिला मंडळ, दोन मराठा शेतकरी आणि मेंढरे चारणारा एक धनगर, असे वीस-बावीस लोक पहाटे पाचला जमत. उन्हे तापायच्या आत काम थांबे. महिला मंडळ भाकरी आणि ठेचा आणी.

आम्हा तरुणांची कल्पना अशी की वाट म्हणजे सरळ रेघ. टेकडीवर सरळ वर चढवावी म्हणजे अंतर वाचेल. आमची आत्या 1972 च्या दुष्काळात पोरवयात खडी फोडायला गेलेली. पुढे रोजगार हमीच्या कामावर तिने कितीतरी सडका बांधल्या. तिने फावडे टेकवले आणि आम्हाला थांबवले. म्हणाली, "आगुदर पाण्याले वाट द्या लागते. मंग ते आपली वाट नाही मोडत."

आमच्या भागाला हे वाक्य फार लागू पडते. अजिंठ्याच्या डोंगररांगेचे हे पठार म्हणजे पाण्याचा माथा आहे. इथून काटेपूर्णा उत्तरेला जाते, पूर्णेला आणि तापीला मिळून अरबी समुद्र गाठते. पैनगंगा आग्नेयेला वळते आणि वर्धा-गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागरात जाते. जिथे पाणीच असे दोन दिशांना पळते तिथे वाट करणाऱ्याने पाण्याला आधी विचारले पाहिजे.

आत्याच्या सांगण्यावरून टेकडीवरची वाट तिरपी घेतली. वाटेचा कल खालच्या बाजूला किंचित ठेवला, चार फुटाला दोन-अडीच इंच. म्हणजे पाणी वाटेवरून धावत नाही, पसरून आडवे उतरून जाते. दर पंचवीस-तीस पावलांवर वाट थोडी खाली घेऊन पुन्हा वर चढवली. त्या खोलगटात पाणी येते आणि बाहेर पडते. काळ्या रानात दोन्ही बाजूंना नाल्या काढल्या आणि मधला भाग टेकडीच्या मुरमाने उंच केला. मुरूम एकदम टाकला नाही. एक थर, पाणी, धुमसाने ठोकणे, मग दुसरा थर. ओढ्याच्या उतारावर मोठे चपटे दगड फरसबंदीसारखे बसवले.

माझा मुलगा अकोल्याला शिकतो. तो म्हणाला, बाबा, डोंगरातल्या सायकलवाटा बांधणारे लोक जगभर हेच नियम सांगतात. त्याने मला माहिती काढून दिली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या टॅमलपाइस डोंगरावर 1970 च्या दशकात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या जड सायकली घेऊन वणवा विझवण्यासाठी केलेल्या रस्त्यांवरून उतरू लागले. त्यातून डोंगरी सायकल जन्माला आली. पुढे सार्वजनिक जमिनीवर पायी चालणारे, घोडेस्वार आणि सायकलवाले यांच्यात तंटे झाले. सायकलवाल्यांनी मग सुट्टीच्या दिवशी फावडी उचलली, वाटा स्वतः बांधल्या आणि राखल्या. त्यांचा एक नियम असा की वाटेचा चढ टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. टेकडी दहा हातांत दोन हात चढत असेल तर वाट दहा हातांत एक हातच चढावी. आत्याला हे वाचून दाखवले. ती म्हणाली, "हे सांगाले इतक्या दूर कायले गेले?"

इंग्लंडातली एक गोष्टही सांगण्यासारखी आहे. मँचेस्टरच्या आसपासचे शेकडो कामगार 24 एप्रिल 1932 रोजी किंडर स्काउट नावाच्या माळावर बंदी मोडून चालत गेले. जमीनदारांनी तो शिकारीसाठी अडवून ठेवला होता. त्यांच्यातल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. पण चालण्याच्या हक्काची गोष्ट तिथे पक्की झाली. आपल्याला हे नवे नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असल्याचा ठराव मुंबई विधिमंडळात 1923 मध्ये झाला होता, महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तो स्वीकारला होता. पाऊल मात्र 20 मार्च 1927 रोजी पडले. कागदावरचा हक्क पावलाने खरा होतो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस आला. आत्याने पोरांना फावडी घेऊन भर पावसात वाटेवर पाठवले. "पानी कुठून जाते ते पानी पडतानाच दिसते," हे तिचे म्हणणे. दोन जागी आमची वाट फुटली. ओढ्याजवळचे दगड खचले आणि एका वळणावर नाली मुरमाने भरून पाणी वाटेवर चढले. तिथल्या तिथे दुरुस्ती केली. बाकीची वाट टिकली. काळ्या रानात अजूनही सायकल रेटावी लागते, पण खांद्यावर घ्यावी लागत नाही.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन तास वाटेला देतो. नाल्या उपसणे, काटे छाटणे, चाकोरीत मुरूम भरणे. वाट एकदा बांधून सोडली की दोन पावसाळ्यांत पुन्हा पांदण होते. काही नियमही ठरवले आहेत. गुरे-मेंढरे समोर आली की सायकलवाल्याने उतरावे. ओल्या वाटेवर ट्रॅक्टर घालू नये. सव्वाआठ फुटांच्या बाहेर एक इंचही सरकू नये, कारण त्या दगडापलीकडे एका भूमिहीनाची भाकर आहे.

बंधू-भगिनींनो, 2021 मध्ये शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. मे 2025 मध्ये शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घेण्याचा निर्णय झाला. आपल्या पांदणीची नोंद झाली की नाही ते पाहून घ्या. पण नकाशा मागायला जाल तेव्हा ई-क्लासवर कसणाऱ्या आपल्या माणसाला आधी भेटा. त्याचे अर्ज, पावत्या, पंचनामे यांची फाईल आधी नीट करून द्या. मगच टेप काढा. एकाची वाट करताना दुसऱ्याची चूल विझता कामा नये.

मागच्या सोमवारी रजा होती म्हणून गावी राहिलो. सकाळी साडेनऊला टेकडीच्या वळणावर बसलो होतो. पाच मुली सायकलींवरून एकामागे एक आल्या. शेवटची पुतणी. मोठेबाबा वावरात तूर पाहत होते. तिने घंटी वाजवली. त्यांनी वर पाहिले नाही, फक्त हात उंच केला. मी घड्याळ पाहिले. शाळेला अजून वीस मिनिटे होती.