वारणेच्या माहेरी, एकटीच

आम्हा सांगलीच्या बायकांना पावसाळ्यात दोन हिशेब तोंडपाठ असतात. एक दुधाचा आणि दुसरा धरणांचा. जुलै उजाडला की भाजीवालीपासून शेजारच्या वहिनींपर्यंत जो तो विचारतो, "कोयनेतून किती सोडलं? चांदोलीतून किती?" बाहेरगावच्या पाहुण्यांना याचं हसू येतं. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात कमरेएवढं पाणी होतं. गव्हाचा डबा, मुलांची पुस्तकं, माझा लग्नातला शालू, सगळं एकाच चिखलात. धोक्याची पातळी ४५ फूट, हे तेव्हापासून घरातल्या लहान मुलालाही सांगावं लागत नाही.

या पाण्यातलं बरंचसं वारणेचं. ही वारणा आमच्या दारातच, हरिपूरला, कृष्णेला मिळते. संगमेश्वराच्या देवळामागे उभं राहिलं की दोन्ही पाणी एकमेकांत मिसळताना दिसतं. श्रावणी सोमवारी आम्ही तिथे जातो, नदीची ओटी भरतो आणि घरी येतो. म्हणजे वारणेचं सासर मी लग्न झाल्यापासून पाहते आहे. माहेर मात्र कधी पाहिलं नव्हतं. शाळेत आठवड्याचे आठ तास भूगोल शिकवते, फळ्यावर सह्याद्री काढून त्यातून नदी खाली ओढते. पण जिथून खडूची रेघ सुरू होते ती जागा कशी असते, ते मलाच ठाऊक नव्हतं. म्हणून ठरवलं, यंदा भर पावसात चांदोलीला जायचं.

यांना ऑडिटचं काम, मोठीची चाचणी परीक्षा, धाकट्याला सर्दी. थांबले असते तर पुढचा पावसाळा आला असता. दोन वर्षांपूर्वी गाडी शिकले आहे, आष्ट्याच्या बाजारापर्यंत चालवतेही. मी म्हटलं, "एकटी जाते. सकाळी जाऊन दिवे लागायच्या आत परत." हे जरा वेळ वर्तमानपत्राच्या आडच राहिले. मग म्हणाले, "टायरमधली हवा बघून घे." आमच्याकडे परवानगी अशीच मिळते. सासूबाईंनी मात्र सकाळी हातावर दही ठेवलं आणि म्हणाल्या, "आमच्या वेळेला गाडी नव्हती, नाहीतर मी काय कमी होते?"

निघायच्या आदल्या दिवशी शाळेतल्या मावशींनी एक पुडी आणून दिली. खण, नारळ आणि मूठभर तांदूळ. त्यांचं माहेर तिकडचंच, आत, जंगलातलं. अभयारण्य झालं आणि गाव खाली मैदानात आणून बसवलं, तेव्हा त्या परकरातल्या होत्या. "बाई, तुम्ही जातायसा तर माज्या नदीची ओटी भरा," एवढंच म्हणाल्या आणि घंटा द्यायला गेल्या.

आषाढातला रविवार होता. आष्ट्यावरून पेठ नाक्याला हमरस्ता ओलांडला आणि शिराळ्याच्या रस्त्याला लागले. उसाचे सपाट मळे मागे पडले आणि जमीन वरखाली व्हायला लागली. बत्तीस शिराळा नागपंचमीसाठी नावाजलेलं. जिवंत नागांच्या पूर्वीसारख्या मिरवणुकांना वन्यजीव कायद्याने पायबंद बसला, पण सण आला की माहेरवाशिणी अजूनही इकडे ओढीने येतात. समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक इथलाच. त्याला हात जोडले, चहा घेतला, गाडीत पेट्रोल भरून घेतलं.

कोकरूड गाठलं आणि डाव्या हाताला वारणा दिसली. अलीकडे सांगली जिल्हा, पलीकडे कोल्हापूरची शाहूवाडी. मध्ये ही तांबडी, फुगलेली. जसजशी वर जावी तसतसं खोरं अरुंद होत जातं, डोंगर दोन्हीकडून जवळ सरकतात. उसाच्या जागी भाताची खाचरं येतात. लावण अगदी भरात आलेली. डोक्यावरून पोत्याची नाहीतर प्लॅस्टिकची खोळ घेतलेल्या बायका गुडघाभर चिखलात एका ओळीत वाकलेल्या, मागे मागे सरकत रोप लावणाऱ्या. वरून धार लागलेली आणि खाली गाणं चालू. गाडी कडेला घेऊन मी काच खाली केली आणि पाच मिनिटं नुसती ऐकत राहिले. बरोबर कुणी असतं तर "चला, उशीर होतोय" म्हटलं असतं. एकटीचा हा फायदा, थांबायला कुणाला कारण सांगावं लागत नाही.

आरळ्याच्या पुढे धुकं सुरू झालं. आमच्याकडे थंडीत पडतं ते धुकं नव्हे हे. हे ढगच. डोंगर चढायचा कंटाळा आल्यासारखे रस्त्यावर उतरून बसलेले. दहा हातांवरचं झाड आधी सावली होतं, मग झाड होतं, मग मागे पुन्हा काही नाही. पहिल्याच वळणावर छातीत धडधडलं, खोटं कशाला सांगू! खालचा दिवा लावला, काच पुसली, दुसऱ्या गिअरवर गाडी टाकली आणि चालले. मणदूर गेलं. कुठे शीळ घालणारा पक्षी ऐकू येत होता. शीळकरी कस्तूर, उनाड पोरानं गावभर हिंडत शीळ घालावी तशी त्याची शीळ. दिसला मात्र नाही.

वारणावतीच्या अलीकडे पाण्याचा आवाज आला. आधी वाटलं, झाडांतून वारा सुटला असेल. पण तो थांबेना. धरणाचे दरवाजे उचललेले होते. जवळ जायला पावसाळ्यात मनाई, ती बरोबरच आहे. लांबूनच, धुक्याला मध्ये मध्ये भोक पडायचं तेवढ्यातून, पांढरं पाणी खाली झेपावताना दिसलं. या धरणात ३४.४० टीएमसी पाणी मावतं. वर्तमानपत्रातले हे आकडे डोक्यावरून जातात, म्हणून वर्गात मी मुलींना घागरीच्या मापाने सांगते. सेकंदाला एक क्युसेक म्हणजे सुमारे २८ लिटर, दोन घागरी पाणी. दहा हजार क्युसेक सोडले म्हणजे डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर वीस हजार घागरी. ते इतकी वर्षं सांगत आले. त्या दिवशी कानांनी ऐकलं. माझा गव्हाचा डबा ज्याने भिजवला ते पाणी हे, आणि उन्हाळ्यात ज्याच्यावर आमच्या खोऱ्यातला ऊस, हळद न् पिण्याच्या पाण्याच्या योजना चालतात तेही हेच. रागवावं कुणावर?

या जलाशयाला वसंतसागर म्हणतात आणि त्याच्या मागे पसरलंय ते चांदोली राष्ट्रीय उद्यान. १९८५ साली अभयारण्य झालं, २००४ साली राष्ट्रीय उद्यान. सुमारे ३१८ चौरस किलोमीटरचं हे रान सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या कोपऱ्यांवर बसलेलं आहे. कोयना अभयारण्याबरोबर जोडून २०१० मध्ये त्याचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवलं, त्यातही चांदोलीचं नाव आहे. आत गवे आहेत, सांबर, भेकर, अस्वल, शेकरू. सडे आहेत, म्हणजे डोंगरमाथ्यावरची उघडी जांभ्याची पठारं. पाऊस ओसरताना त्यांच्यावर बोटभर उंचीच्या फुलांचे गालिचे उठतात. वारणेचा उगम त्याच अंगाला, पाथरपुंजच्या डोंगरात. काही वर्षी या पाथरपुंजला महाबळेश्वरपेक्षाही जास्त पाऊस झाला आहे. तो सगळा उतरतो वारणेत आणि वारणा येते आमच्याकडे.

पण हे सगळं आत. मी नाक्यावर पोचले तेव्हा फाटक बंद होतं. वनरक्षक कोट घालून बाहेर आले. "बाई, जूनच्या मध्यापासून चार महिने बंद असतंय. दिवाळीच्या सुमारास या." मला हे ठाऊकच होतं. फाटकापर्यंत जायचं एवढाच माझा बेत होता. रस्त्याच्या कडेला छत्री धरून उभी राहिले. समोर लोखंडी फाटक, त्याच्या मागे वीसेक पावलं ओली लाल वाट, आणि मग पांढरं काहीच नाही. त्या पांढऱ्यातून पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता. मी बरीच देवळं पाहिली आहेत, गाभाऱ्याचं दार बंद असलं की हळहळ वाटते. इथे नाही वाटली. आत कुणीतरी निवांत आहे, एवढंच वाटलं.

परतीच्या वाटेवर एका टपरीवर चहाला थांबले. टपरीवाली चाळिशीची, कपाळावर मोठं कुंकू. "एकल्याच आलासा?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिने चुलीपुढे पाट सरकवला आणि म्हणाली, "बसा की, पाय शेका." मग म्हणाली, "रान बंद हाय न्हवं? आसू द्या. जनावरास्नी पिल्लं हुत्यात, गवात वाढतंया. लेकीला माहेरी चार दीस इसावा देतोच की आपण, रानाला बी नको व्हय?"

मावशींची पुडी तेव्हा माझ्या पिशवीतच होती. मी तिला विचारलं, नदीला खाली उतरायला वाट कुठून आहे. तिने मानच हलवली. "आता नदीला जायचं नाव काढू नका. काठ कवा ढासळंल सांगता येत न्हाई." मी तिला मावशींची गोष्ट सांगितली. गावाचं नाव ऐकताच तिचा हात थांबला. तिची नणंदही त्याच गावात दिली होती. धरणाच्या पाण्याखाली गेलेली गावं, जंगलासाठी उठवलेली गावं, कुणाचा जात्याचा दगड तिथेच राहिला, कुणाचा आंबा. ती सांगत होती आणि चहा उतू जात होता. कुणाला शिव्या घातल्या नाहीत तिने. एवढंच म्हणाली, "वाघ ऱ्हाया पायजे, रान ऱ्हाया पायजे, आमाला बी पटतं. पर ज्यानं घर सोडलं त्याला इचारावं तरी कुनी, बरा हाईस का म्हून."

मग मी तिचीच ओटी भरली. वारणेच्या काठची लेक ती, नदीला पोचल्यासारखंच झालं. तिने पदरात नारळ घेतला आणि मावशींसाठी हळदीच्या पानात बांधून थोडे नाचणीचे पीठ दिलं. चहाचे पैसे काही केल्या घेतले नाहीत.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाला जावंसं वाटलं तर चार गोष्टी सांगते. पहाटे निघावं आणि अंधाराच्या आत परतावं. सांगलीहून एका बाजूचं अंतर साधारण शंभर किलोमीटर आहे, पण पावसात घड्याळ दुप्पट धरावं. हवामान खात्याचा इशारा असेल किंवा धरणातून मोठा विसर्ग चालू असेल तर बेत सरळ पुढे ढकलावा. धुक्यात मोठा दिवा लावू नये, समोर पांढरी भिंत उभी राहते. खालचाच दिवा बरा. गाडीचा ब्रेक ओल्या वळणावर एकदम दाबू नये. आरळ्याच्या पुढे फोन लागेलच असं नाही, तेव्हा परतीची वेळ घरी सांगून निघावं. नैसर्गिक विधीसाठी शिराळ्याला थांबून घ्यावं, संकोच करू नये. बरोबर कोरडे कपडे, टॉवेल आणि दशम्या असाव्यात. गवतात पाय टाकलात तर जळवा लागतात. घाबरून ओढू नये, नखाने तोंडाकडून हळूच सरकवली की सुटते, मग जागा साबणाने धुवावी. आणि जंगल आतून पाहायचं असेल तर ऑक्टोबरनंतर, वनखात्याकडे आधी चौकशी करून, मुलांना घेऊन जावं.

पण एकदा तरी पावसात, फाटक बंद असताना, जाऊन यावं. आपल्या नळाला येणारं पाणी, आपल्या भिंतीवर खूण ठेवून गेलेलं पाणी, कुणाच्या अंगणावरून वाहत येतं ते कळतं. सोमवारी शाळेत मावशींच्या हातात नाचणीच्या पिठाची पुडी दिली. त्यांनी ती नाकाशी धरली आणि विचारलं, "पाऊस हाय का चांगला?" मी म्हटलं, "भरपूर आहे." त्या हसल्या. "मग बरं हाय," म्हणाल्या. त्या संध्याकाळी त्यांनी भाकऱ्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी डब्यातून अर्धी माझ्यासाठी आणली.