रॉकाबिलीला कोणती गाडी शोभते?

रॉकाबिली हे माझं जुनं वेड. एल्विस, कार्ल पर्किन्स, तो उभा डबल बास, तेल चोपडून वर वळवलेले केस. हे वेड असलेली मंडळी एक प्रश्न कायम चघळत असतात. या थाटाला जुनी गाडी कोणती शोभेल?

पोस्टरवर बहुधा १९५९ची कॅडिलॅक असते, मागे शार्कसारखे उंच पर असलेली. दिसते झकासच. पण ती रस्त्यावर आली तेव्हा पहिली लाट ओसरत होती आणि एल्विस लष्करात भरती होऊन जर्मनीला गेला होता. शिवाय ती श्रीमंताची गाडी. रॉकाबिलीतला ‘हिलबिली’ म्हणजे डोंगराळ भागातल्या गरीब गोऱ्याला हिणवायचा शब्द. १९५४ला पहिली रेकॉर्ड आली तेव्हा एल्विस ट्रक चालवत होता. अशा पोरांना परवडायची ती सेकंडहँड गाडी. १९३२ची फोर्ड व्ही-८ घ्यायची आणि मडगार्ड काढून टाकायचे. नाहीतर १९४९ची मर्क्युरी घ्यायची आणि छत कापून खाली आणायचं.

मग मर्क्युरी ठरली? थोडं थांबा. १९५१मध्ये मेम्फिसला सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत ‘रॉकेट ८८’ रेकॉर्ड झालं. ओल्ड्समोबिल गाडीचं कौतुक करणारं गाणं. गाणारा जॅकी ब्रेन्स्टन, बँड आइक टर्नरचा, सगळे काळे. त्याच वर्षी बिल हेलीने ते पुन्हा गायलं. एल्विस त्या स्टुडिओत आला तो नंतर. आज मात्र याच संगीताच्या काही मेळ्यांत गाड्यांवर गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेचा झेंडा मिरवतात. याला काय म्हणायचं?

१९५५ साल बघा. एल्विसने कॅडिलॅक घेतली, गुलाबी रंगवली, आईला दिली. तिच्याकडे लायसन्सच नव्हतं! त्याच वर्षी डिसेंबरात माँटगोमेरीत रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला. काळ्यांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. कामावर जायचं कसं? लोकांनी आपापल्या गाड्या काढल्या, चर्चनी स्टेशन वॅगन घेतल्या. पोलिसांनी चालकांवर दंडाचा सपाटा लावला, विमा कंपन्यांनी पॉलिसी रद्द केल्या. मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली ती कशासाठी, तर २५ मैलांच्या हद्दीत ३०ने गाडी चालवली म्हणून!

म्हणून मला विचाराल तर पन्नाशीच्या दशकातली साधी स्टेशन वॅगन घ्या. क्रोम कमी, जागा भरपूर. डबल बास आडवा मावतो, नाहीच मावला तर टपावर बांधा. त्या काळचे बँड तसेच गावोगाव फिरायचे. जॅकेट, केस, बूट हवे तसे ठेवा. झेंडा तेवढा लावू नका.